शिरगणती करा

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत १० जुलै २०२५ रोजी संमत झालं. कोणकोणत्या आमदारांनी बाजूने मत दिलं? तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराने काय केलं? शोधून पाहा. नावांची यादी सापडणार नाही, कारण ती झालेलीच नाही. विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. बाकांवरून आवाज उठतो, 'होय'चं बहुमत जाहीर होतं, आणि सभागृह पुढच्या कामाला लागतं.

२८८ जणांच्या त्या सभागृहात ज्यांचा ठाम विरोध नावानिशी बाहेर पोचला ते डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकुलते एक आमदार. विरोधी पक्षांतल्या आणखी काहींनी भाषणं केली, शंका काढल्या, दुरुपयोगाची भीती बोलून दाखवली. भाषण झालं की मत कुठे गेलं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर देणारा कागद नाही. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. तिथेही विधेयक संमत झालं.

विधेयक किरकोळ असतं तर हा लेख लिहिला नसता. यात सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार आहे. अशा संघटनेचं सदस्य असणं, तिच्या बैठकीला जाणं, तिला वर्गणी देणं यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. बेकायदा कृत्य केलं किंवा करण्याचा बेत आखला तर ७ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड. आणि 'बेकायदा कृत्य' म्हणजे काय? सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारं, किंवा अडथळा आणण्याकडे कल असणारं कृत्य त्यात बसतं. प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्था मानू नका असं सांगणं, तसं करायला उत्तेजन देणं हेही बसतं. शिरोड्याला १९३० साली मीठ उचलणाऱ्या सत्याग्रहींनी नेमकं हेच केलं होतं. धरणाविरुद्ध बसलेलं गाव, जमीन द्यायला नकार देणारे शेतकरी, रस्ता अडवणारे कांदा उत्पादक, संपावर गेलेल्या अंगणवाडी सेविका यांना 'कल असणारं कृत्य' या शब्दांची भीती वाटत असेल तर ती अवास्तव नाही.

सरकारची बाजू मला माहीत आहे. रोख शहरी नक्षलवादावर आहे, आंदोलनांवर नाही, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सांगत आले. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशात असे कायदे आधीपासून आहेत, हेही त्यांनी सांगितलं. विधिमंडळाच्या संयुक्त समितीने विधेयकाच्या दीर्घ नावातून 'व्यक्ती' काढून 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना' असा उल्लेख आणला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे दिला. हे बदल झाले कारण १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती लोकांनी लिहून पाठवल्या. एवढ्या लोकांनी सही करून, पत्ता लिहून, आपलं मत सरकारदरबारी नोंदवलं. ज्यांना मत नोंदवण्यासाठीच आपण निवडून देतो त्यांचं मात्र नोंदलं गेलं नाही.

साध्या गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी दुरुस्त करायचा ठराव झाला तर इतिवृत्तात सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव लिहिलं जातं. नागरिकाला सात वर्षं तुरुंगात धाडू शकणाऱ्या कायद्याला मत देणाऱ्याचं नाव कुठेच असू नये?

विधानभवनात मोजायची सोय नाही असं कोणी सांगू नये. सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शन संचांसमोर बसून ती मोजणी पाहिली आहे. ३ जुलै २०२२ रोजी विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा विरोधकांनी पोल, म्हणजे मतविभागणी, मागितला आणि शिरगणती झाली. एकेक आमदार जागेवर उभा राहिला, त्याने स्वतःचं नाव आणि क्रमांक सांगितला, मग पुढचा उभा राहिला. राहुल नार्वेकर यांना १६४ मतं पडली, राजन साळवी यांना १०७. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला तेव्हाही तसंच झालं, १६४ विरुद्ध ९९. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे त्या संध्याकाळी गावोगावच्या पारावर लोकांना पाठ होतं. खुर्ची कोणाची हे ठरवायचं असतं तेव्हा एकेक डोकं मोजलं जातं. माणसाच्या मोर्चाला जाण्याच्या, संघटना बांधण्याच्या हक्काचा प्रश्न येतो तेव्हा आवाजावर भागवलं जातं. ही कामचुकार पद्धत आहे, आणि तिचा फायदा दोन्ही बाजूंच्या बाकांना होतो.

हो, दोन्ही. सत्ताधारी आमदाराला आपल्या तालुक्यातल्या शेतकरी संघटनेला, शिक्षकांच्या संघटनेला सांगता येतं की, अहो, मी तर काही बोललोच नव्हतो. विरोधी आमदाराला गावात सांगता येतं की, आम्ही जोरदार विरोध केला, आणि मुंबईत सांगता येतं की, आम्ही नक्षलवाद्यांच्या बाजूचे नाही. दोघांचीही अडचण टळते. अडकतो तो फक्त मतदार. पाच वर्षांनी हे आमदार दारात येतील तेव्हा त्यांना विचारायला त्याच्या हातात काही नसतं.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, परक्या राज्यातही, एवढी पळवाट नव्हती.

१९२८ साल. मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रचंड संप चालला होता. लाल बावट्याचं बळ वाढत होतं आणि इंग्रज सरकार घाबरलं होतं. बाहेरून येऊन कामगारांना चिथावणाऱ्या परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करता यावं म्हणून सरकारने मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं. त्याचं नाव पब्लिक सेफ्टी बिल. त्यावर २४ सप्टेंबर १९२८ रोजी मतं मोजली गेली. बाजूने ६१, विरोधात ६१. समसमान. अध्यक्ष होते विठ्ठलभाई पटेल, मुंबईत वकिली केलेले, मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद भूषवलेले. गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्यांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं आणि विधेयक पडलं.

एका मताने सरकारचं विधेयक पडतं तेव्हा त्या ६१ जणांतला प्रत्येक जण मोलाचा ठरतो. एखाद्याला त्या दिवशी ताप आला असता, एखादा चहा प्यायला बाहेर गेला असता, एखाद्याने सभात्याग हाच निषेध मानला असता, तर विधेयक पुढे गेलं असतं. अध्यक्षांवर निर्णायक मताची पाळी आली ती सदस्य जागेवर होते म्हणून.

सरकारने हट्ट सोडला नाही. दुसऱ्या वर्षी विधेयक परत आलं. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या सभागृहात आधी संपांवर बंधनं घालणारं ट्रेड डिस्प्युट्स बिल ५६ विरुद्ध ३८ मतांनी संमत झालं, आणि पब्लिक सेफ्टी बिलावर निर्णय द्यायला विठ्ठलभाई उभे राहत असताना प्रेक्षक सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. आपल्या शाळांत या प्रसंगातला बॉम्ब शिकवतात, विधेयक शिकवत नाहीत. पुढचं तर कोणीच सांगत नाही. बॉम्बनंतर तीन दिवसांनी, सगळं सभागृह हादरलेलं असताना, विठ्ठलभाईंनी हे विधेयक चर्चेला घेता येणार नाही असाच निर्णय दिला. कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरचा मीरतचा खटला चालू आहे, त्यातल्याच मुद्द्यांवर इथे बोलल्याशिवाय चर्चा होऊ शकत नाही, असं त्यांचं कारण होतं. व्हाइसरॉय आयर्विनना शेवटी वटहुकूम काढावा लागला. लोकप्रतिनिधींकडून तो कायदा मिळाला नाही. हुकूम काढणाऱ्याला तो स्वतःच्या सहीने काढावा लागला आणि त्याचं नाव त्याला चिकटलं.

त्याही आधीचं उदाहरण विनाखटला कैदेत ठेवू देणाऱ्या रौलट कायद्याचं. मार्च १९१९ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात सरकारी सदस्यांच्या बळावर तो संमत झाला, पण निवडून आलेला प्रत्येक भारतीय सदस्य विरोधात उभा राहिला. हरणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी मत दिलं, आणि मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जिना यांनी तर सदस्यत्वाचा राजीनामा दिला. हरणाऱ्या बाजूला दिलेल्या मताचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी १९१९ चं हे साल समोर ठेवावं.

कारण आज विरोधकांचं पहिलं उत्तर हेच असतं. आकडे नाहीत. खरंच नाहीत. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत भाजपला १३२, शिंदेंच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. जनसुरक्षा विधेयक कोणत्याही मोजणीत पडलं नसतं. पण मतविभागणी निकालासाठीच मागायची असते असं कोणी सांगितलं? लोकसभेत २०१९ च्या जुलैमध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची, म्हणजे यूएपीएची, दुरुस्ती आली. व्यक्तीलाही दहशतवादी ठरवण्याचा अधिकार त्यातून सरकारला मिळाला. मतं मोजली गेली, २८७ विरुद्ध ८. काँग्रेसने सभात्याग केला होता. आज त्या दुरुस्तीवर कोण काय म्हणतं याला अर्थ नाही, ते आठ कोण होते हे कायमचं लिहिलेलं आहे. राज्यसभेत तर काँग्रेसने बाजूने मत दिलं, १४७ विरुद्ध ४२. त्यामुळे पुढे यूएपीएखाली माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली आणि काँग्रेसचे नेते त्यावर बोलू लागले, तेव्हा कोणीही त्यांना ते १४७ दाखवू शकलं. नोंद असली की असं होतं.

त्याच जुलैमध्ये एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, कायद्याच्या दुरुस्तीवर असदुद्दीन ओवैसींनी लोकसभेत मतविभागणी मागितली, तेव्हा गृहमंत्री अमित शहा यांनीच ती व्हावी असा आग्रह धरला. कोण कुठल्या बाजूला आहे हे देशाला कळू द्या, असा त्यांचा मुद्दा होता. २७८ विरुद्ध ६. मला शहांच्या राजकारणाशी देणंघेणं नाही, पण हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. तो सगळ्या कायद्यांना लावा.

लावत नाहीत. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेती विधेयकं आली तेव्हा विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत असं कारण देऊन उपसभापती हरिवंश यांनी ती नाकारली आणि विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव होते. सभागृहात जे मोजलं नाही ते शेतकऱ्यांनी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसून मोजायला लावलं. शेवटी कायदे मागे घेतले तेही २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, चर्चा न करता, आवाजी मतदानानेच. येतानाही नाव नाही, जातानाही नाव नाही.

आता इंग्लंडकडे पाहू, कारण आंदोलनांवर बंधनं घालायची हौस तिथेही गेल्या पाच वर्षांत फार वाढली आहे. १६ मार्च २०२१ रोजी पोलिसांना निदर्शनांवर जास्त अटी घालू देणारं विधेयक कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला ३५९ विरुद्ध २६३ मतांनी पुढे गेलं. २०२३ साली पब्लिक ऑर्डर ॲक्ट आला. २ मे रोजी राजाची संमती मिळाली आणि ६ मे रोजी, त्याच राजाच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, 'रिपब्लिक' या राजेशाहीविरोधी संघटनेच्या सहा जणांना फलक उतरवतानाच अटक झाली. फलक बांधायचे पट्टे हे स्वतःला कुलूपबंद करायचं साहित्य आहे असा पोलिसांना संशय आला होता. नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला. कायदा वाईट, अंमल वाईट. पण कोणत्या खासदाराने तो आणला हे प्रत्येक मतदार नाव टाकून पाहू शकतो. तिथे मतविभागणी झाली की सदस्य दोन वेगळ्या दालनांतून चालत जातात आणि नावं प्रसिद्ध होतात.

या नोंदीने खासदार शहाणे होतात असं माझं म्हणणं नाही. तेव्हा विरोधात असलेल्या मजूर पक्षाचंच पाहा. जून २०२३ मध्ये सरकारने 'गंभीर व्यत्यय' या शब्दांचा अर्थ 'किरकोळपेक्षा जास्त' असा खाली आणणारे नियम आणले. लॉर्ड्समध्ये ग्रीन पक्षाच्या जेनी जोन्स यांनी ते नियम थेट रद्द करण्याचा ठराव मांडला. मजूर पक्षाने त्याला साथ दिली नाही, फक्त खेद व्यक्त करणारा ठराव आणला. जोन्स यांच्या बाजूने ६८ मतं पडली. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने नियम बेकायदा ठरवले. जुलैमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, आणि ज्या नियमांचा त्यांना खेद होता त्यांच्याच बचावाचं अपील त्यांनी चालू ठेवलं. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयातही ते हरले. हा सगळा प्रवास मी इथे बसून लिहू शकतो, कारण सभागृहातल्या प्रत्येक टप्प्यावर मतं नोंदलेली आहेत.

चलाखी नोंदीतही करता येते. २ जुलै २०२५ रोजी, म्हणजे आपल्या विधेयकाच्या आठच दिवस आधी, कॉमन्सने 'पॅलेस्टाइन ॲक्शन' या गटावर दहशतवादी संघटना म्हणून बंदी घातली, ३८५ विरुद्ध २६. त्याच एका आदेशात आणखी दोन हिंसक गट बांधून आणले होते. एकाला विरोध करायचा तर तिघांनाही विरोध. तरीही २६ जण उठले आणि त्यांची नावं आहेत. जनसुरक्षा विधेयकाला विरोध म्हणजे नक्षलवाद्यांना पाठिंबा, ही आपल्याकडची भीती याच जातीची. भीती खरी आहे. म्हणूनच जो उभा राहतो त्याचं नाव कळायला हवं.

विरोधी पक्षांचं दुसरं उत्तर पक्षादेशाचं असतं. दहाव्या परिशिष्टामुळे १९८५ पासून पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा गैरहजर राहिलं, तर आमदारकी जाऊ शकते. कबूल. पण मग पक्षाने आदेश काढावा, तोही उघड. काँग्रेसने, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने, शरद पवारांच्या राष्ट्रवादीने १० जुलैला 'नाही' म्हणण्याचा पक्षादेश काढून पोल मागितला असता तर ती नोंद आज महाराष्ट्रासमोर असती. संयुक्त समितीत या तिन्ही पक्षांचे सदस्य होते. समितीतल्या कोणीही विरोधाची टिपणी जोडली नाही, हे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. विधेयक संमत झाल्यावर हेच पक्ष राज्यपालांनी सही करू नये म्हणून मागणी करत होते, रस्त्यावर निदर्शनं करत होते. रस्त्यावरच्या कार्यकर्त्याला लाठी पडते, त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, तारखा पडतात. सभागृहातल्या आमदाराच्या मताला तर राज्यघटनेच्या १९४व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे. त्याने दिलेल्या मताबद्दल त्याला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. लाच घेतली तर संरक्षण नाही, एवढं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. या देशात सगळ्यात सुरक्षित विरोध आमदाराचा आहे. तोच त्याने करायचा नाही आणि डहाणूच्या आदिवासीने, नाशिकहून पायी येणाऱ्या शेतकऱ्याने करायचा?

सभात्यागाबद्दलही बोललं पाहिजे. सभात्यागाने निषेध दिसतो, छायाचित्र चांगलं येतं. पण सभागृहाचा निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. बाहेर पडलेल्याचं मत शून्य. परिषदेत ७८ जागा आहेत. पायऱ्यांवर घोषणा देण्याआधी पाच मिनिटं आत थांबून शिरगणती मागितली असती तर घोषणेला बळ आलं असतं.

आणि एक गोष्ट सभागृहापर्यंत पोचतच नाही. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानात आले तेव्हा परवानगी होती एका दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, पाच हजार माणसं. हे आकडे कोणत्याही आमदाराने मत देऊन ठरवलेले नाहीत. पोलीस कायद्याखालच्या नियमांतून आणि आदेशांतून ते येतात. जमावबंदीचा ३७व्या कलमाचा आदेश मुंबईत पोलीस वारंवार काढत असतात, १९५१ च्या कायद्याच्या आधारे. आंदोलन कुठे, किती वेळ, किती माणसांनी करायचं हे ज्या कागदावर ठरतं तो कागद सभागृहात आणा, त्यावर चर्चा करा आणि तिथेही नावं मोजा.

माझी मागणी लहान आहे. ज्या विधेयकात सभा, मोर्चा, संघटना किंवा बोलण्यासाठी कैदेची शिक्षा आहे त्याचं अंतिम मतदान आवाजी होऊ नये. विधिमंडळाने आपल्या नियमांत एवढी दुरुस्ती करावी, आणि मतांची यादी त्याच दिवशी प्रसिद्ध करावी. नियम बदलेपर्यंत कोणत्याही एका सदस्याने उठून पोल मागावा. अध्यक्षांनी नाकारला तर नाकारल्याचीही नोंद होईल.

आणि तोवर तुम्ही विचारा. आमदारांच्या संपर्क कार्यालयात जा, लेखी विचारा, पोच घ्या. १० जुलै २०२५ रोजी विधेयक मताला आलं तेव्हा आपण सभागृहात होतात का? 'होय' म्हणालात की 'नाही'? मतविभागणी मागितलीत का? परिषदेच्या आमदारांना ११ जुलैचं विचारा. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतल्या मतदारांनी तर नक्की विचारा. उत्तर आलं तर चौकातल्या फलकावर आमदाराच्या नावासकट लावा. तीस दिवसांत आलं नाही तर तेही तिथेच लावा, तारखेसकट.